पावसाळ्याआधी सर्व्हरचे लॉगही तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे उजाडला की आपल्या दैनिकात नालेसफाई, धोकादायक झाडे, दरडीखालची घरे यांवर आवर्जून लिहून येते. त्या यादीत आणखी एक काम घालावे, अशी विनंती आहे. पतसंस्था, नगर परिषदा, महाविद्यालये, आंबा-काजू प्रक्रिया कारखाने, मच्छीमार सोसायट्या यांच्याकडे आता लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारे छोटे सर्व्हर आहेत. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर वीज दिवसातून कितीदा जाईल याचा नेम नसतो. सर्व्हर अचानक बंद पडतो, आणि का पडला हे सांगणाऱ्या त्याच्या लॉगमधल्या, म्हणजे तो स्वतः लिहीत असलेल्या, शेवटच्या नोंदीच नेमक्या डिस्कवर नसतात. मग 'लाइट गेली असेल' असे म्हणून मशीन पुन्हा चालू केले जाते. डिस्क खराब होत चालली होती, यूपीएसची बॅटरी संपली होती, की बाहेरून कोणी रात्रभर पासवर्ड लावून बघत होते, हे कधीच कळत नाही. पतसंस्थेत रोजकीर्द पुरी होऊन सही झाल्याशिवाय कोणी घरी जात नाही. त्याच संस्थेचा सर्व्हर मात्र आपली रोजकीर्द सुट्या कागदावर लिहीत असतो आणि ते कोणाच्या गावीही नसते.

हे बदलायला नवा खर्च जवळपास नाही. एका दुपारचे काम आहे. खाली कमांड आणि फाइलींची नावे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत करावीत, आणि सेटिंगच्या नावात जिथे मोठी अक्षरे असतात ती तशीच ठेवावीत.

आजच्या बहुतेक लिनक्समध्ये लॉग दोन ठिकाणी जातो. लिनक्समधल्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीची 'जर्नलडी' ही सेवा सगळ्या नोंदी आधी गोळा करते आणि स्वतःच्या बायनरी फाइलमध्ये ठेवते. 'आरसिसलॉग' हा प्रोग्रॅम असेल तर तो त्याच नोंदी घेऊन साध्या मजकुराच्या फाइलींत वाटतो. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराने २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून आरसिसलॉग आपोआप टाकणे बंद केले, त्यामुळे नव्या मशीनवर ओळखीची /व्हार/लॉग/सिसलॉग ही फाइल दिसली नाही तर घाबरू नये. नोंदी जर्नलमध्ये असतात.

पण त्या टिकतात का, हे आधी पाहावे. अगदी नव्या आवृत्त्या सोडल्या तर जर्नलडीची मूळ सेटिंग 'स्टोरेज=ऑटो' अशी असते. याचा अर्थ /व्हार/लॉग/जर्नल हा फोल्डर असेल तरच नोंदी डिस्कवर जातात; नसेल तर त्या /रन/लॉग/जर्नल मध्ये, म्हणजे मेमरीत राहतात आणि मशीन बंद होताच पुसल्या जातात. तपासायला «जर्नलसीटीएल --लिस्ट-बूट्स» ही एकच कमांड पुरते. मशीन अनेकदा बंद-चालू झालेले असूनही यादीत एकच ओळ आली, तर मागचे काहीही शिल्लक राहत नाही असे समजावे. मूळ फाइलला हात न लावता /ईटीसी/सिस्टिमडी/जर्नलडी.कॉन्फ.डी या फोल्डरमध्ये, शेवटी .कॉन्फ असलेली, एक छोटी फाइल करावी. तिच्यात पहिली ओळ चौकटी कंसात 'जर्नल', खाली 'स्टोरेज=परसिस्टंट'. कंसातली ती पहिली ओळ विसरली तर खालच्या सगळ्या सेटिंग निकामी होतात, आणि सेवा मात्र विनातक्रार चालू राहते. म्हणून जर्नलडी रीस्टार्ट करून «जर्नलसीटीएल --फ्लश» द्यावे आणि «सिस्टिमडी-ॲनालाइझ कॅट-कॉन्फिग सिस्टिमडी/जर्नलडी.कॉन्फ» या कमांडने आपली फाइल खरोखर वाचली जाते आहे ना, ते बघावे.

किनारपट्टीसाठी त्याच फाइलमधली दुसरी ओळ अधिक महत्त्वाची आहे: 'सिंकइंटर्व्हलसेक'. मूळ सेटिंगप्रमाणे जर्नलडी दर पाच मिनिटांनी नोंदी डिस्कवर पक्क्या करते. इमर्जन्सी, अलर्ट आणि क्रिटिकल या सर्वांत वरच्या तीन पातळ्यांचा मेसेज आला तरच ती लगेच लिहिते. आता अडचण बघा. डिस्क मरायला लागली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जो 'आय/ओ एरर' देतो, तो चौथ्या पातळीचा, म्हणजे 'एरर'. चुकलेल्या पासवर्डची नोंद तर त्याहून खालच्या 'इन्फो' पातळीची. आपल्याला हव्या असलेल्या दोन्ही नोंदी त्या पाच मिनिटांच्या रांगेत बसतात, आणि तेवढ्यात वीज गेली तर त्या हाती लागतील याची खात्री नाही. ही मुदत १५ किंवा ३० सेकंदांवर आणावी. साध्या हार्डडिस्कला किंवा एसएसडीला त्याचा भार जाणवत नाही. मेमरी कार्डावर चालणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जाणवतो, कारण सतत लिहिण्याने कार्ड झिजते. तिथे मुदत एक मिनिट ठेवावी आणि नोंदींची प्रत दुसऱ्या मशीनवर पाठवावी.

जर्नलने किती जागा घ्यायची, हेही ठरवून द्यावे. मूळ सेटिंगप्रमाणे ते त्या पार्टिशनच्या (डिस्कच्या त्या भागाच्या) १० टक्के, पण ४ जीबीपर्यंतच वाढते. 'सिस्टिममॅक्सयूज=२जी' असे स्पष्ट लिहिलेले बरे. इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. 'मॅक्सरिटेन्शनसेक' मध्ये १८० दिवस लिहिले की १८० दिवसांच्या नोंदी राहतीलच, असे अनेक जण धरून चालतात. ती वरची मर्यादा आहे. त्यापेक्षा जुन्या नोंदी काढून टाका, एवढाच तिचा अर्थ. जागा आधी भरली तर वीस दिवसांपूर्वीचेही जाते.

मजकुराच्या फाइलींची गत वेगळी. आरसिसलॉग प्रत्येक ओळीनंतर डिस्कवर पक्के लिहिण्याचा आग्रह धरत नाही. मजकूर कर्नलच्या मेमरीत साधारण अर्धा मिनिट थांबू शकतो. वीज गेल्यावर मशीन चालू करून फाइल उघडली, तर नेमक्या त्या वेळेला ओळीऐवजी ^@^@^@ अशी लांबलचक माळ दिसते. ते शून्य बाइट असतात: फाइलची लांबी नोंदली गेली, मजकूर पोहोचलाच नाही. त्या माळेमुळे फाइलीत शब्द शोधणारी ग्रेप कमांड ही फाइल बायनरी समजते, 'बायनरी फाइल मॅचेस' एवढेच सांगते आणि पुढच्या चांगल्या ओळीही दाखवत नाही. अशा वेळी «ग्रेप -ए» वापरावे. फाइल खराब झाली म्हणून उडवून टाकणारे आहेत. कृपया तसे करू नये, माळेच्या अलीकडची शेवटची ओळच सर्वांत मोलाची असते.

लाइट गेल्यामुळे मशीन बंद पडले की नीट बंद केले गेले, हे ओळखता येते. «जर्नलसीटीएल -बी -१ -ई» दिल्यावर मागच्या वेळच्या शेवटच्या ओळी दिसतात. सेवा एकेक करून थांबल्याच्या आणि शटडाउनच्या ओळी असतील तर मशीन शिस्तीत बंद झाले. नोंद मध्येच तुटली असेल तर वीज गेली किंवा मशीन गोठले. «लास्ट -एक्स» या कमांडमध्ये अशा वेळी 'क्रॅश' असा शब्द येतो. यूपीएस घेताना यूएसबी केबलने मशीनला जोडता येणाराच घ्यावा आणि 'नट' हे सॉफ्टवेअर बसवावे. बॅटरीवर गेल्याची नोंद लॉगमध्ये होते आणि बॅटरी संपत आली की मशीन स्वतःहून, नोंदी लिहून, बंद होते. घरगुती इन्व्हर्टर वीज देतो, पण मशीनला काही कळवू शकत नाही.

आता दुसऱ्या मशीनवरच्या प्रतीबद्दल, कारण आमच्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा तळमजल्यावरचे सगळेच पाण्याखाली गेले. सर्व्हर आणि त्याचा लॉग एकाच डिस्कवर असेल तर दोन्ही एकदमच जातात. चोरून शिरलेला माणूसही सर्वांत आधी त्याच मशीनवरचा लॉग पुसतो. म्हणून वरच्या मजल्यावरचा एखादा जुना डेस्कटॉप, किंवा घाटमाथ्यावर शाखा असेल तर तिथले मशीन, नोंदी घेण्यासाठी नेमावे.

आरसिसलॉगमध्ये नोंदी बाहेर पाठवायची जुनी रीत एका ओळीची आहे: पत्त्याआधी एक @ दिला तर यूडीपी, दोन दिले तर टीसीपी (नेटवर्कवर माहिती पाठवण्याच्या या दोन पद्धती; पोचपावती फक्त टीसीपीत असते). यूडीपीमध्ये केबल निघाली तरी पाठवणाऱ्याला पत्ता लागत नाही, नोंदी हवेत जातात. पण टीसीपी केले म्हणून काम झाले, असेही नाही. मूळ सेटिंगमध्ये पलीकडचे मशीन बंद असताना आलेल्या नोंदी टाकून दिल्या जातात. याला उपाय डिस्कवरची रांग. पाठवण्याच्या 'ॲक्शन' मध्ये पाच गोष्टी लिहाव्या लागतात: 'क्यू.टाइप' लिंक्डलिस्ट, 'क्यू.फाइलनेम' ला काहीतरी नाव, 'क्यू.मॅक्सडिस्कस्पेस' १जी, 'क्यू.सेव्हऑनशटडाउन' ऑन आणि 'ॲक्शन.रिझ्यूमरिट्रायकाउंट' ला -१, म्हणजे कितीही वेळा प्रयत्न कर. यातले फाइलनेम राहिले तर रांग केवळ मेमरीत बनते, आणि वीज गेली की तीही जाते. रांगच न देता नुसते -१ लिहिले तर त्याहून वाईट: पलीकडचे मशीन बंद पडताच आरसिसलॉग त्या एकाच कामावर अडून बसतो आणि इथल्या फाइलींत लिहिणेही थांबते. 'वर्कडायरेक्टरी' म्हणून /व्हार/स्पूल/आरसिसलॉग दिलेले असावे आणि तो फोल्डर खरोखर असावा. बदल केल्यावर रीस्टार्टच्या आधी «आरसिसलॉगडी -एन१» चालवावे (यातला 'एन' मात्र इंग्रजी मोठे अक्षर). कंस किंवा अवतरणचिन्ह कुठे सुटले ते ओळ क्रमांकासह कळते.

रांगेला १ जीबी पुरेल का? छोट्या कार्यालयाचा सर्व्हर दिवसाला २०,००० नोंदी करतो आणि एक नोंद २०० बाइटची, असे धरले तर दिवसाचे ४ एमबी होतात. रांगेत प्रत्येक नोंदीसोबत आणखी माहिती जाते म्हणून चौपट धरले, तरी दोन महिने सहज निघतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या पट्ट्यात वीज आणि इंटरनेट बरेच दिवस नव्हते. कार्यालय जनरेटरवर चालले तरी लाइन बंद असू शकते, हे लक्षात घेऊन ही मर्यादा ठेवावी.

घेणाऱ्या मशीनवर 'आयएमटीसीपी' हे मॉड्यूल ५१४ पोर्टवर चालू करावे आणि प्रत्येक पाठवणाऱ्याची फाइल वेगळी करावी. फाइलच्या नावात 'होस्टनेम' ऐवजी 'फ्रॉमहोस्ट-आयपी' घ्यावे. होस्टनेम हे पाठवणारा स्वतः सांगतो; इन्स्टॉल करताना नाव न बदललेल्या दोन मशीनची नावे सारखीच असली तर नोंदींची सरमिसळ होते. फायरवॉलमध्ये ५१४ फक्त आपल्या नेटवर्कपुरते उघडावे. इंटरनेटवरून दुसऱ्या गावी पाठवायचे तर टीएलएस (मजकूर सांकेतिक करणारे संरक्षण) लावून ६५१४ पोर्ट किंवा व्हीपीएन वापरावे. उघडे ५१४ पोर्ट इंटरनेटला कधीही दाखवू नये. कोणीही खोट्या नोंदी घुसवू शकतो.

राउटर आणि वायफायच्या डब्यांतही 'रिमोट सिसलॉग' असा पर्याय बहुधा असतो, तोही चालू करावा. त्यांच्याकडून आलेल्या मेसेजच्या सुरुवातीला टोकदार कंसात एक आकडा असतो, उदाहरणार्थ <१३४>. त्याला ८ ने भागावे: भागाकार १६ म्हणजे 'लोकल०' हा विभाग, बाकी ६ म्हणजे 'इन्फो' ही पातळी. आरएफसी ३१६४ (२००१) आणि आरएफसी ५४२४ (२००९) या इंटरनेटच्या दोन्ही तांत्रिक दस्तऐवजांत हाच हिशेब आहे. बाकी जितकी लहान तितकी गोष्ट गंभीर. ० सर्वांत गंभीर, ७ म्हणजे केवळ डीबग. फाइल वाटताना 'मेल.एरर' लिहिले तर एरर आणि त्याहून गंभीर सगळे येते, फक्त एररच हवा असेल तर पातळीआधी = द्यावे.

घड्याळ चुकीचे असेल तर यातले काहीच उपयोगाचे नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असला की वीज गेल्यावर तारीख भलत्याच वर्षी जाते. रास्पबेरी पायच्या पाचच्या आधीच्या मॉडेलना तर स्वतःचे घड्याळच नाही. जुन्या पद्धतीच्या ओळीत महिना, तारीख, वेळ एवढेच असते. वर्ष नाही, टाइमझोन नाही. म्हणून आरसिसलॉगमध्ये 'आरसिसलॉग_फाइलफॉरमॅट' हा साचा निवडावा, त्यात +०५:३० सकट पूर्ण वेळ येते. घड्याळ जुळवणारे 'क्रोनी' बसवून त्यात समय१.एनआयसी.इन आणि समय२.एनआयसी.इन हे सर्व्हर द्यावेत, 'मेकस्टेप १ ३' ही ओळ ठेवावी, म्हणजे चालू झाल्यावर मोठा फरक एकदम दुरुस्त होतो.

एनआयसीचे (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे) नाव घेण्यामागे कारण आहे. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत घड्याळ एनआयसी किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळवणे, सर्व यंत्रणांचे लॉग १८० दिवस भारतात सुरक्षित ठेवणे आणि सायबर घटना सहा तासांत कळवणे या तिन्ही गोष्टी आहेत. ते निर्देश सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या-संस्था आणि सरकारी कार्यालये यांना उद्देशून आहेत. आता डेबियन-उबुंटूवर लॉगरोटेटची, म्हणजे जुन्या लॉग फाइली ठरावीक काळाने बाजूला काढून पुसणाऱ्या प्रोग्रॅमची, मूळ सेटिंग पाहा: 'वीकली' आणि 'रोटेट ४'. म्हणजे चार आठवडे, मग पाचव्या आठवड्यात पहिली फाइल पुसली जाते. १८० दिवस हवेत तर 'रोटेट २६' लागते, त्याने १८२ दिवस होतात. जागेची सबब चालणार नाही: वरच्या हिशेबाने १८० दिवसांचे ७२० एमबी, आणि 'कॉम्प्रेस' चालू असले की मजकुराचा लॉग साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो.

लॉगरोटेटमध्ये दोन गोष्टी हमखास बिघडतात. फाइल फिरवल्यावर आरसिसलॉगला एचयूपी सिग्नल (फाइल नव्याने उघडण्याची सूचना) देणारा 'पोस्टरोटेट' भाग कोणी काढला, तर तो जुन्याच फाइलमध्ये लिहीत राहतो. नवी फाइल शून्य बाइटची दिसते, आणि जुनी पुसली तरी डिस्क मोकळी होत नाही. दुसरे, /ईटीसी/लॉगरोटेट.डी मधल्या फाइलला ग्रुपची लिहिण्याची परवानगी असेल तर लॉगरोटेट ती फाइल वगळतो. «लॉगरोटेट -डी» दिल्यास प्रत्यक्षात काही न बदलता तो काय करणार आहे ते कळते. सायंकाळी सर्व्हर बंद करून जाणाऱ्या कार्यालयांनी मध्यरात्रीचे हे काम सकाळी भरून निघते ना, तेही बघावे; लॉगरोटेटच्या टायमरमध्ये 'परसिस्टंट=ट्रू' असेल तर निघते.

एवढे झाल्यावर चाचणी घ्यावीच. नेटवर्कची केबल काढावी. «लॉगर -पी लोकल०.नोटिस» वापरून 'चाचणी १' ते 'चाचणी १००' अशा नोंदी पाठवाव्यात. आरसिसलॉग एकदा रीस्टार्ट करावा, दहा मिनिटांनी केबल लावावी आणि पलीकडच्या मशीनवर शंभरच्या शंभर आल्या का ते मोजावे. मधला एखादा आकडा गायब असेल तर रांगेची सेटिंग पुन्हा तपासावी. देखभालीचा वार्षिक करार करणाऱ्या संस्थांनी ही चाचणी करारातच लिहून घ्यावी आणि मे महिन्यात स्वतःसमोर करवून घ्यावी. आज बहुतेक करारांत व्हायरस आणि बॅकअप यांचा उल्लेख असतो, लॉगचा नसतो, आणि मागितल्याशिवाय कोणी करून देत नाही.

शेवटी एक काळजीची बाब. घाईत अनेक जण युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करतात, आणि तो 'इनव्हॅलिड युजर' म्हणून जसाच्या तसा लॉगमध्ये उतरतो. म्हणून या फाइलींची परवानगी ०६४० (मालकाला वाचता-लिहिता येते, ग्रुपला फक्त वाचता, इतरांना काहीच नाही) असावी, प्रत घेणाऱ्या मशीनवरही तीच असावी, आणि दुरुस्तीसाठी कोणाला लॉग पाठवायचा तर व्हॉट्सॲप ग्रुपवर अख्खी फाइल न टाकता हव्या त्या वेळेपुरत्या ओळी काढून, वाचून, मगच द्याव्यात. असा पासवर्ड लॉगमध्ये दिसला तर तो त्याच दिवशी बदलावा.

आपले,
सर्व्हर व नेटवर्क देखभालीचे काम करणारे काही वाचक,
रत्नागिरी